ओदिलचं जर्मनीतलं रडणं

पडद्यावरची ओदिल फोन उचलणार, एवढ्यात गेझिनाने कानावरचा हेडफोन काढून गळ्यात अडकवला. आधी मूळ फ्रेंच आवाज ऐकायचा आणि मग त्यावर आपला जर्मन बोलायचा, अशी डबिंगची रीत. गेझिनाने ती केव्हाच सोडली होती. ओदिल कार्बोनिए ही फ्रेंच नटी जर्मनीत बोलते ती गेझिना फोलराथच्या आवाजात, हे बर्लिनमधल्या या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं आपण जिला बोलतं केलं, तिच्याकडून आता काय ऐकून घ्यायचं, असं गेझिनाचं म्हणणं होतं.

काचेपलीकडे बसलेला दिग्दर्शक हार्टमूट हे रोज बघायचा आणि मिठाची गुळणी धरून बसायचा. आज मात्र तो माइकमधून म्हणाला, "एकदा मूळ ऐकून घे ना."

"तिचं ऐकून मी शिकू आता? रेकॉर्डिंगचा दिवा लाव."

दिवा लागला. पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. ओदिल फोन कानाला लावते. पलीकडून हॉस्पिटलातलं कोणीतरी तिला नवरा गेल्याचं सांगतं. "हो, मी त्याची बायको," ती म्हणते. मग ऐकत राहते. "समजलं," म्हणते. आणि जरा थांबून विचारते, "गाडी कुठे लावायची?" प्रसंग एवढाच. एवढ्या वेळात तिच्या कपाळावर एक आठी पडत नाही, भुवई हलत नाही, ओठांच्या कडा जागच्या जागी. इस्त्री करून घडी घातलेल्या चादरीसारखा चेहरा.

या चेहऱ्याचं कोरडेपण झाकायला गेझिनाने आजवर काय काय केलं नव्हतं? सुरकुत्या घालवायच्या सुया टोचून घेतल्यावर ओदिलचं कपाळ गप्प झालं तेव्हा गेझिनाने तिच्या वाक्यांत उसासे घातले. गाल ताणले गेले तेव्हा हुंदके घातले. जर्मन समीक्षक लिहायचे, ओदिल कार्बोनिएचा अभिनय वयाबरोबर अधिकच खोल होत चाललाय. गेझिना ते कात्रण वाचायची आणि दिवसभर घरात भांडी आपटायची.

आताही तिने "समजलं"च्या आधी एक आवंढा गिळला, "गाडी"वर आवाज फुटू दिला आणि शेवटचा शब्द रडण्यात बुडवला. दिवा विझला.

"सुंदर," हार्टमूट म्हणाला. "पण चालायचं नाही."

"का?"

"आवाज ढसाढसा रडतोय आणि चेहरा बसची वाट बघतोय. लोक हसतील, गेझिना."

"मग चेहऱ्याला सांग रडायला. मला कशाला सांगतोस?"

हार्टमूट उठला, काचेला वळसा घालून आत आला आणि त्याने दार लावून घेतलं. दार लावलं की त्याच्याकडे वाईट बातमी असते, हे तिला माहीत होतं.

"म्युनिकच्या वितरकांचं म्हणणं आहे की आवाज चेहऱ्यापेक्षा म्हातारा वाटतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "हाच प्रसंग मी सकाळी त्या नव्या फेन्याकडून करून घेतलाय. आता तुझा. दोन्ही आज त्यांना पाठवायचे. त्यांनी एक निवडला की पुढच्या सगळ्या चित्रपटांना तोच आवाज."

"ओदिल माझ्याहून मोठी आहे, हार्टमूट."

"ती आहे. तिचा चेहरा नाहीये."

गेझिना बाहेर गेली. कॉफीच्या यंत्राजवळ फेन्या खसखशीच्या केकचा तुकडा कागदावर धरून उभी होती. तिशी नुकतीच ओलांडलेली, नाटकाच्या शाळेतून आलेली, आणि वर स्वभावाने चांगली. तो चांगुलपणा गेझिनाला जास्तच खुपत होता.

"तुमचा आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले," फेन्या म्हणाली. "आरशासमोर तुमच्या ओदिलची नक्कल करायचे."

"बरं झालं. म्हणजे तालीम झालेलीच आहे तुझी."

"नाही हो. सकाळी मला काही नीट जमलं नाही. त्या चेहऱ्यावर धरायला काही नाहीच ना. नुसतं घडाघडा वाचलं." फेन्याने कागद पुढे केला. "घ्या ना थोडा."

गेझिनाने केक घेतला नाही. फेन्याचंही कपाळ गुळगुळीत होतं, पण ते फुकटचं होतं, वयाचं. यंत्राच्या चकचकीत दारात गेझिनाला आपला चेहरा दिसला. तोंडाभोवतीच्या रेघा, भुवयांमधली खाच. ऐन तरुणपणी तिने चित्रपटासाठी चाचणी दिली होती. दिग्दर्शकाने ती फिल्म बघून सांगितलं होतं, आवाज उत्तम, पण चेहरा फार बोलतो. तेव्हापासून ती अंधारात उभी राहून दुसरीसाठी बोलत आली. आणि जिचा चेहरा आता एक अक्षर बोलत नाही, ती पोस्टरवर होती.

मागे एकदा ती स्वतः एका डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरने तिचा चेहरा दिव्याखाली धरला आणि ती काय काम करते ते विचारलं. आवाजाचं, ती म्हणाली. "मग कशाला उगीच?" डॉक्टर हसत म्हणाला होता. तिने कोट घातला आणि निघून आली. मैत्रिणींना मात्र तिने सांगितलं की असली थेरं मला तत्त्वतः मान्य नाहीत.

ओदिलला ती एकदाच भेटली होती, इथेच बर्लिनमध्ये, एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला. ओदिलने तिचा हात हातात घेतला आणि दुभाष्यामार्फत म्हणाली, "जर्मनीत मी फार रडते म्हणे." गेझिना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चेष्टा होती, कौतुक होतं की टोमणा होता, त्या कपाळावरून काही म्हणजे काही कळेना. तो हात किती मऊ होता, एवढंच तिने घरी येऊन नवऱ्याला रागारागाने सांगितलं.

कॉफी न घेताच ती परत आत गेली. चालता चालता तिने ठरवून टाकलं होतं. आता झाकायचं नाही. आपली उसनी आसवं आज द्यायचीच नाहीत. चेहऱ्यावर काही नाही ना, मग आवाजातही नसू दे. काम जायचंच असेल तर जाऊ दे, पण जाता जाता या बाईला अभिनय येत नाही हे उभ्या जर्मनीला कळू दे.

"लाव," ती म्हणाली. हेडफोन गळ्यातच होता.

दिवा लागला. ओदिलने फोन उचलला.

"हो, मी त्याची बायको," गेझिना म्हणाली, पोस्टात नाव सांगावं तसं. मग ती गप्प राहिली. एरवी ती या शांततेत श्वास भरायची. आज तिने भरला नाही. "समजलं." पुन्हा शांतता. "गाडी कुठे लावायची?" सरळ, कोरडं, तिऱ्हाईताला विचारल्यासारखं.

दिवा विझला. आता ओरडा बसणार म्हणून तिने हनुवटी वर केली.

"अरे देवा," हार्टमूट हळूच म्हणाला. "हे कुठे लपवून ठेवलं होतंस इतकी वर्षं? अंगावर काटा आला. हाच पाठवतो. फेन्याचा विषय संपला."

जिची फजिती करायची होती तिचाच तो निर्जीव चेहरा आता दुःख आवरून धरल्यासारखा दिसत होता. म्हणजे जीव जाळायचा आपण आणि कौतुक पुन्हा तिचंच. गेझिनाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सांधा जुळतोय का बघतो," ध्वनिमुद्रक टॉर्स्टन म्हणाला, आणि त्याने मूळ फ्रेंच आवाज भिंतीवरच्या स्पीकरवर लावला. कान झाकून घ्यायलाही गेझिनाला वेळ मिळाला नाही.

ओदिल बोलत होती. सरळ आणि कोरडं. हुंदका नाही, उसासा नाही. जिथे गेझिनाने आता श्वास भरला नव्हता तिथे ओदिलनेही भरला नव्हता. "समजलं," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. मग "गाडी"च्या आधी एक बारीकसा खंड पडला, जेमतेम ऐकू येईल एवढा, आणि त्याच क्षणी पडद्यावर तिच्या गळ्याची कातडी खाली-वर झाली. सुया तिथे पोचल्या नव्हत्या. गेझिना आजवर फक्त तिच्या कपाळाकडे आणि ओठांकडे बघत आली होती.

आपला चेहरा आता साथ देत नाही, हे ओदिलला कळून चुकलं होतं. उरलं होतं तेवढ्यावर ती हे करत होती. आणि जर्मनीत तिच्या तोंडी आपण हुंदके कोंबत होतो. "फार रडते म्हणे" हा टोमणाच होता तर. किंवा विनंती असेल.

त्या गुळगुळीत कपाळाचा हेवा गेझिनाला सवयीचा झाला होता. आता जे छातीत रुतलं ते निराळंच होतं. बाईला अभिनय येत होता.

"हार्टमूट, माझा पाठवू नकोस."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या एकावर तुझं पुढचं सगळं काम टिकतंय."

"त्यात राग आहे. तुला ऐकू आला नाही, मला येतोय. पुसून टाक. मी परत करते."

"आणि परत जमलं नाही तर?"

"तर बाहेर फेन्या उभी आहे."

हार्टमूटने टॉर्स्टनकडे बघितलं. टॉर्स्टनने खांदे उडवले आणि फिल्म मागे घेतली.

गेझिनाने गळ्यातला हेडफोन काढला, केस मागे सारले आणि तो दोन्ही कानांवर नीट बसवला.

"मूळ लाव," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

पडद्यावर ओदिलने फोन उचलला. गेझिना तिच्या गळ्याकडे बघत राहिली.