उणे नऊ हजार आठशे तीन अंश

मी एक समीकरण बोलतंय. बोलतोय नाही आणि बोलतेयही नाही. व्याकरणाने आम्हाला नपुंसकलिंग दिलंय आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे, ती ओघात येईल.

जन्म माझा परदेशातल्या कुठल्याशा लेखात झाला. जळगावला मला आणलं सारिकाने. केळीच्या रोपांच्या एका लहान प्रयोगशाळेत ती काम करते. बाळंतपणाच्या रजेत, मांडीवर मेघाला घेऊन, एका हाताने तिने मला लॅपटॉपच्या तक्त्यात उतरवलं. प्रत्येक आकडा तीनदा तपासला. चौथ्यांदा तपासताना मेघाने दूध ओकलं आणि काम तिथेच थांबलं. माझ्यात काही चूक राहिली असेल तर ती त्या चौथ्या वेळेची, असं सारिकाला अजून वाटतं.

माझं काम तसं साधं. पाण्यात काही विरघळवलं की ते शून्याच्या खाली जाऊन गोठतं. एकटी साखर असेल तर हिशेब सोपा. पण साखर, ग्लिसरीन आणि मीठ एका भांड्यात आले की साधी बेरीज फसते. एकमेकांच्या संगतीत ते जास्तच जोर करतात. प्रत्येकाचा एकट्याचा स्वभाव पाहून तिघं मिळून कधी गोठतील, ते मी आधीच सांगायचं. लग्न जुळवणारेही हेच करतात. फक्त त्यांचा अंदाज चुकला तरी ते जेवून जातात.

माझा चुकला तर कोंब मरतात.

ते कोंब सावद्याच्या तोताराम आबांचे. त्यांच्या पणजोबांच्या वेळची केळी. बुटकी, पातळ सालीची, बाजारात कुणी न विचारणारी. रोग आला आणि शेवटचं बेट उपटावं लागलं. त्यातून पाच कोंब निघाले, ज्वारीच्या दाण्याएवढे आणि तेही रोगट. उपाय एकच होता: अतिथंडीत गोठवायचे. त्यातून जे जगतात ते बहुधा रोग मागे ठेवून येतात.

आबा स्टीलच्या डब्यात कंद घेऊन आले तेव्हा एवढंच म्हणाले होते, “ताई, हे गेलं तर मला तिची चव कुणाला समजावूनही सांगता येणार नाही.”

गोठवताना खरी कसरत असते ती पहिल्या बर्फाची. गोठणबिंदूच्या जरा खाली गार चिमटा लावला की बर्फ हळूच, कोंबाच्या बाहेर धरतो. लवकर लावला तर काहीच होत नाही. उशीर झाला तर बर्फ एकदम उसळतो आणि कोंब फाटतो. म्हणून माझा आकडा.

नेमकं गोठवायच्या दिवशी मेघाला ताप आला. सारिका घरी, मी तिच्यासमोर उघडं, आणि प्रयोगशाळेत मदतनीस झुलालभाऊ. ते शिरपूरकडच्या खेड्यातले. हात स्थिर, चिमटा त्यांच्याच हाती द्यावा. ग्लिसरीन आणि मिठाचे आकडे सारिकाला पाठ होते. साखरेचं द्रावण मात्र नवं बनवलेलं.

“भाऊ, साखरेच्या बाटलीवर किती लिहिलंय?”

“दोन शे, ताई.”

सारिकाने २०० लिहिलं. तिची एक नजर मेघाच्या थर्मामीटरवर होती.

रकान्यात पडेल ते गिळणं हा माझा स्वभाव. दोनशे मोल, म्हणजे एक किलो पाण्यात अडुसष्ट किलो साखर. मी मुकाट्याने वर्ग केला, गुणाकार केला आणि सांगितलं: उणे नऊ हजार आठशे तीन अंश. विश्वातली थंडी उणे दोनशे त्र्याहत्तरला संपते. पण ते मला कुणी शिकवलेलं नाही.

सारिकाने तो आकडा दोनदा वाचला. तिसऱ्यांदा तिला वाटलं, चूक तिचीच असणार. दोन रात्रींची झोप नाही, माणसाला साधा आकडाही मोठा दिसू शकतो. तिने तो तसाच झुलालभाऊंना कळवला.

“ताई, आपला गोठवायचा डबा उणे ऐंशीलोंग जास. बाकीनं थंड कोठून आनू?” असं विचारून त्यांनी धुळ्याला श्रेयांसशेठना फोन लावला. प्रयोगशाळेचा माल तेच पुरवतात.

श्रेयांसशेठ गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. “उणे ऐंशीचा लगेच देतो. उणे दहा हजारचा सध्या शॉर्ट आहे, सोमवारच्या गाडीला बघतो. दार एक पाहिजे की दोन?”

झुलालभाऊंनी दाराचं विचारायला सारिकाला परत फोन केला. कोंब साखरेत भिजून दुसरा दिवस संपत आला होता. संध्याकाळपर्यंत काळे पडले असते.

“पोरगीले ताप कितला शे?” त्यांनी आधी विचारलं.

“एकशे एक.”

“एक शे? मंग एकच शे ना, उतरी जाई.” त्यांनी गंमत केली होती.

सारिका हसली नाही. “भाऊ, साखर दोनशे म्हणालात की दोन आहे म्हणालात?”

“तेच ते. दोन शे.”

“बोटं मोजून सांगा.”

“एक, दोन. बस.”

तिने दोन शून्यं पुसली. मी म्हटलं, उणे दहा पूर्णांक तीन. साध्या बेरजेने आठच्या आत आलं असतं. तिने उणे अकराला चिमटा लावायला सांगितला आणि मेघाला छातीशी धरून बसली. बऱ्याच वेळाने फोनवर आवाज आला, “धरं, ताई. पांढरं धरं.”

महिन्याभराने काचेच्या नळीत हिरवं दिसलं. त्यात रोगही नव्हता. आबांना कळवलं झुलालभाऊंनी: “आबा, जित्ता दोन शे.”

शिरपूरकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात; सावद्याकडे तसं कुणी म्हणत नाही. दोन दिवसांनी आबांचा फोन. “ताई, दोनशे खड्डे खणून झाले. पाचाचे दोनशे केले तुम्ही. रोपं न्यायला केव्हा येऊ?”

सारिकाने हिरव्या नळ्या पुन्हा मोजल्या, दोनच. मग म्हणाली, “खड्डे बुजवू नका, आबा. जरा वेळ लागेल.”

आता मी जुनं झालंय. माझ्याशेजारी तिने एक नवा रकाना केलाय: आकडा सांगणाऱ्याचं गाव. माझी तक्रार आणि विनंतीही तेवढीच आहे, मला काही भरवण्याआधी तो वाचा. आणि माझ्या खाली ती दर महिन्याला कोंब मोजून एक संख्या लिहिते. दोन, चार, आठ, सोळा. हे गणित मला येत नाही, पण खड्डे किती आहेत ते ठाऊक आहे.