माफी ज्याची त्यानं द्यावी

शिरूर कासारच्या बाजारात सोमलिंगआप्पांचं किराणा दुकान आणि हबीबभाई मणियारांचं बांगड्यांचं दुकान भिंतीला भिंत लागून. भिंतही एकेरी विटेची. इकडं कुणी शिंकलं तर तिकडं कळावं. तरी अकरा वर्षं दोघांत चकार शब्द नव्हता. अबोला धरायचा म्हटलं की माणसं किती चिवट होतात, ते शेजाऱ्यांकडं बघावं.

कारण साधं होतं आणि वाईट होतं. आप्पांची लेक शिवांजली तेव्हा वीस वर्षांची, आष्टीकडच्या चांगल्या घरी सोयरीक ठरलेली. हबीबभाई तिच्या हातात बांगड्या भरत असताना पोरीला फीट आली. हबीबभाईंनीच तिला आडवं केलं, शुद्धीवर येईपर्यंत सांभाळलं. इथवर माणूस शहाण्यासारखा वागला. दुसऱ्या दिवशी मात्र चहाच्या टपरीवर बसून त्यानं चार जणांना ती हकीकत रंगवून सांगितली. तोंडाला कुलूप नसलं की असंच व्हायचं. बातमी आष्टीला पोचली आणि सोयरीक मोडली. पुढं दुसरं स्थळ काही आलं नाही.

तेव्हापासून मुसलमानांविषयी आप्पांना जे काही कळायचं ते मोबाईलवरून. तिथं काय, ढिगानं येत होतं.

तर असे हे हबीबभाई उन्हाळ्यातल्या एका दुपारी आप्पांच्या दुकानाची पायरी चढले. आठ दिवसांनी हजला निघायचं होतं. सगळी घरं फिरून झाली होती, हे दार त्यांनी शेवटी ठेवलेलं. शिवांजली मागं तूरडाळीच्या पुड्या बांधत होती. हबीबभाई उभ्यानंच म्हणाले, "आप्पा, कहा-सुना माफ करा."

आप्पांना वाटलं, निघताना म्हणायची रीत असेल, आपण काशीला निघताना सगळ्यांना भेटतो तशी. पण माणूस हलेना. तेव्हा आप्पांनी मनातलं विचारलंच, की हजला गेलं की सगळी पापं धुतली जातात म्हणे, मग माझ्या दारात कशापायी आलात? त्यात खोच होती आणि ती झाकायची त्यांना गरज वाटली नाही.

हबीबभाई पोत्यावर टेकले. नमाज बुडली, रोजा बुडला, ते अल्लाचं. तो माफ करील, त्यांनी सांगितलं. पण माणसाचं जे नासवलं, ते त्या माणसानं माफ केल्याबिगर सुटत नाही, मग हज करा न्हाईतर काही करा. आप्पा म्हणाले, हे बाकी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी अकरा वर्षं टोचत असलेली गोष्ट बाहेर काढली. फीट तर खरंच आली होती. हबीबभाई खोटं बोलले असते तर निदान बाजारात उभं राहून भांडता तरी आलं असतं.

"खरं होतं म्हनून तर ती गीबत," हबीबभाई म्हणाले. "माघारी कुनाचं उणं काढायचं, ते खरं असलं तरी गुन्हाच. खोटं असतं तर त्याच्याहून मोठा."

आप्पा गळ्यातलं इष्टलिंग चाचपत बसले. आपलं चुकलं हे सांगायला माणूस आपणहून दारात आलाय, एवढं त्यांना दिसत होतं. शेवटी मोठ्या मनानं म्हणाले, जा, माफ केलं.

इथंच आप्पा चुकले. लेकीचा मान-अपमान आपल्याच खिशात असतो असं समजणारे बाप आपल्याकडं पायलीला पन्नास. त्यातलेच ते एक.

हबीबभाई उठले नाहीत. आपल्यातला अबोला तुमी माफ केला, म्हणाले, पण नाव तर पोरीचं गेलं. त्याची माफी तिची तिनंच द्यायची. मग ते मागं वळले. "बेटा, माझ्या तोंडानं तुझं वाटोळं झालं. माफ करशील का?"

शिवांजलीच्या हातातला दोरा तसाच राहिला. इतक्या वर्षांत या गोष्टीवर घरात, गल्लीत, पाहुण्यांत काय कमी बोलणं झालं? सगळं तिच्याविषयी. तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"केलं, चाचा," ती म्हणाली. "सुखानं जावा."

हबीबभाईंनी डोळे पुसले आणि गेले. आप्पांना हलकं वाटलं. बरं झालं, मिटलं एकदाचं, असं काहीबाही ते बोलू लागले. शिवांजलीनं त्यांना बोलू दिलं. मग आवाज न चढवता विचारलं, "चाचानं सोयरीक मोडली. कॉलेज कुनी मोडलं, आप्पा?"

नर्सिंगचं दुसरं वर्ष होतं तिचं, बीडला. तिथं चारचौघांत पडली तर लोक काय म्हणतील म्हणून आप्पांनीच तिला परत आणून दुकानात बसवलं होतं. गोळ्यांनी फीट थांबून सात वर्षं झाली, तरी परत पाठवायचं नाव त्यांनी काढलं नाही. सगळा दोष भिंतीपलीकडं ढकलला होता. तो तिकडं बरा मावत होता.

आप्पांना वाटलं, खेकसावं. बापाला ते जमतंच. पण हबीबभाई बसले होते ते पोतं समोर होतं. आप्पा गल्ल्यावरून उठले आणि त्यावर येऊन बसले. कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती.

"पोरी, माझं चुकलं. माफ कर."

शिवांजलीनं पुडी बांधून बाजूला ठेवली.

"चाचासारखं लगेच न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुमी घरचे. येळ लागंल."

"लागू दे," आप्पा म्हणाले.