साहेबांच्या पासवर हुप्प्या

मी फिरता दरवाजा बोलतोय. घाबरू नका, तुमच्याकडं पास मागत नाही. बसा निवांत.

माझा जन्म वाळूजच्या एका शेडमधला. मधोमध खांब, त्याला लोखंडी दांडे, भोवती डोक्यापेक्षा उंच पिंजरा. कुणी पास दाखवला की मी 'टिंग' म्हणायचं, माझ्या कपाळावरच्या काचेत त्याचं नाव उमटायचं आणि मी पाव फेरा फिरून त्याला आत घ्यायचं. एका वेळी एकालाच. नवरा-बायको असले तरी वेगवेगळे.

संभाजीनगरहून खुलताबादला जाताना, घाटाच्या अलीकडं विजेचं एक सबस्टेशन आहे. वरून फर्मान आलं, की अशा नाजूक ठिकाणी कुणी सोम्यागोम्या शिरता कामा नये. तोवर तिथं शेळ्या शिरायच्या, लग्नपत्रिका वाटणारे पाहुणे शिरायचे. एकदा तर म्हणे एक वरात रस्ता चुकून आवारात आली आणि मनसोक्त नाचून गेली. मग भिंत उंच झाली, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी आली आणि दारात मी आलो.

इथले प्रमुख वैजनाथ साहेब. त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून माझ्याशेजारी लावली : 'पास नसेल तो बाहेर. मग तो कुणीही असो.' 'कुणीही'खाली दोन रेघा. स्वतःचा पास गळ्यात घालायचा मात्र त्यांना भारी कंटाळा. "गळ्यात पट्टा मोत्यानं घालावा, माणसानं नाही," असं म्हणायचे आणि पास स्कूटरच्या आरशाला अडकवून ठेवायचे.

पहाऱ्याला होत्या पिशोरच्या द्वारकाबाई. त्यांच्याआधीच्या पहारेकऱ्यानं कुणाच्या तरी मेव्हण्याला ओळखीवर आत सोडलं, तर साहेबांनी त्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं. त्यामुळं बाई डोळ्यांत तेल घालून बसायच्या. उरलेलं तेल माझ्या खांबात सोडायच्या. मी कुरकुरलो की विचारायच्या, "का रं, झोप नाय झाली का?"

त्या काटेरी तारांनी एकाचा मात्र घात केला. आवारात एक मोठी चिंच आहे. डोंगरातल्या वानरांचा म्होरक्या, एक दांडगा हुप्प्या, रोज भिंतीवरून उडी टाकून तिच्यावर यायचा. तारा आल्या आणि त्याची वाट बंद झाली. मग तो समोरच्या कडुलिंबावर बसून माझ्याकडं टक लावून बघायचा. माणसं येतात, कायतरी पुढं धरतात, टिंग होतं, आत जातात. बघून बघून त्याचा अभ्यास पक्का झाला.

तपासणीला मुंबईहून दमयंती मॅडम आल्या. साहेबांनी त्यांच्यासाठी खुलताबादचे पेरू आणले होते. स्कूटर लावून ते मॅडमना नमस्कार करायला वळले, तेवढ्यात हुप्प्यानं लिंबावरून झेप घेतली. एका हातात पेरू, दुसऱ्या हातात आरशावरचा पास, आणि स्वारी थेट माझ्यापुढं.

त्यानं पास पुढं धरला. आता मी काय करावं? पास तर खरा होता! मी 'टिंग' म्हणालो. कपाळावर अक्षरं उमटली, 'या, वैजनाथ साहेब.' हुप्प्या शेपूट सावरत आत गेला.

"अरे, अरे!" करत साहेब धावले आणि माझ्या दांड्यावर आपटले.

आतून ऑपरेटर बन्सी खिडकीतून ओरडला, "साहेब, तुमच्या पासवर वानर आलंय! म्या कडी लावून घेतली. म्या नाय बाहेर येत!"

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चिंचेच्या पलीकडंच विजेच्या उघड्या तारा. हुप्प्यानं तिकडं उडी घेतली, तर त्याचा कोळसा होणार आणि निम्म्या तालुक्यात अंधार.

"बाई, तुमच्या पासवर मला आत घ्या. लवकर!" साहेब म्हणाले.

द्वारकाबाईंचा हात पासाकडं गेला आणि तिथंच थांबला. मॅडम पेन उघडून बघत होत्या. सोडलं तर नियम मोडला म्हणून नोकरी जाणार, नाही सोडलं तर साहेबांच्या रागानं जाणार. बाईंनी पाटीकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं.

"नाय जमायचं, साहेब. तुमीच लिवलंय, कुणीही असो. खाली दोन रेघा हायेत."

साहेबांचा चेहरा पेरूच्या गरासारखा गुलाबी झाला. "मग करायचं काय?"

"म्या जाते की. माझा पास हाय. पेरू द्या इकडं." बाईंनी आपली टोपी काढून साहेबांच्या डोक्यावर ठेवली, शिट्टी त्यांच्या हातात दिली. "तवर पहारा तुमच्याकडं. दार मोकळं दिसलं तर मॅडम लिवतील."

मी बाईंना आत घेतलं. मॅडमही लगबगीनं पुढं सरकल्या. साहेबांनी शिट्टी फुंकली. "मॅडम, पास?"

"अहो, मी तपासणी अधिकारी आहे!"

"असाल. पण कुणीही असो."

मॅडमनी पर्स पालथी केली. पाहुण्यांचा पास करून घ्यायचा राहूनच गेला होता. मग दोघंही माझे दांडे धरून आत बघत उभे राहिले. पिंजऱ्यातला प्राणी नक्की कोणत्या बाजूला, हे लांबून कुणाला कळलं नसतं.

आत बाई चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या. आवाज काढला तो रुसलेल्या जावयाला जेवायला उठवावं तसा. "या पाव्हणं, खाली या. चिंच लई आंबट हाय. पेरू घ्या."

हुप्प्या फांदीच्या टोकाला सरकला. शेपटी तारेपासून हातभरावर झुलत होती. साहेबांनी शिट्टी दातांत धरून डोळे मिटले. बन्सीनं देवाचं नाव घेतलं.

पेरूचा वास वर गेला असावा. हुप्प्या थबकला, मागं फिरला आणि सरसर खाली उतरला.

बाई एकेक पेरू टाकत उलट्या पावलांनी माझ्यापर्यंत आल्या, पास दाखवून बाहेर पडल्या आणि शेवटचा पेरू रस्त्यावर ठेवला. हुप्प्या माझ्यापाशी थांबला. त्यानं शांतपणे पास पुढं धरला. टिंग. 'पुन्हा या, वैजनाथ साहेब.' पेरू उचलून तो लिंबावर चढला आणि पास त्यानं गळ्यात घालून टाकला.

मॅडमनी पेन मिटलं. "नियम नीट पाळणारे आज दोघंच दिसले मला. एक या बाई. दुसरे वर बसलेत."

टोपी परत देताना साहेब हळूच म्हणाले, "दोन रेघा मीच मारल्या होत्या, नाही का?"

"व्हय साहेब. लई ठळक."

बाईंची नोकरी राहिली. पासावरचा भरवसा मात्र उडाला. आता चेहरा ओळखणारं नवं दार आलंय आणि मला खोलून कुंपणाशी टेकवलंय. द्वारकाबाई जाता-येता माझ्यावरची धूळ झटकतात. उद्या भंगाराची गाडी येणार आहे म्हणे.

रडत नाही मी. भट्टीवाल्या दादांना फक्त एक विनंती आहे. मला वितळवाल तेव्हा पुन्हा दार करू नका, एखाद्या बागेतला झोका करा. जन्मभर गोल गोल फिरलो. आता जरा पुढं-मागं व्हायची हौस आहे.