घंटीला बांधलेली चिंधी

आमच्या धाकट्या जावयांना गप्प बसता येत नाही. पोरगी दवाखान्यात खाटेवर पाय टांगून पडलीय, आणि हे स्टुलावर बसून आल्यागेल्याला शहर फिरल्याच्या गमती सांगतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे पाहुणेसुद्धा आपला रोगी सोडून यांच्याकडे तोंड करून बसतात.

लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला आले होते. आमचं सायकलचं दुकान, दुरुस्तीचं आणि भाड्याचं. जावई म्हणाले, गाडीच्या काचेतून शहर बघणं म्हणजे झाकण चाटून पोट भरणं, मी सायकलवरच बघणार. मला बोलणं आवडलं, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी धाकटीला कॅरियरवर बसवायचे आणि निघायचे. भंगारवाल्यांची गल्ली, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा बाजार, वर्षानुवर्षं अर्धाच राहिलेला पूल. कुठून हातगाडी घुसेल, कुठून बस, कुणाचा कुणाला पत्ता नाही. वाहतुकीचा पोलीस सावली धरून उभा. जावई म्हणायचे, आई, तुमच्याकडे रस्त्यावर चालायला नाही, भांडायला उतरतात. धाकटी धुळीनं पांढरी होऊन घरी यायची, आणि हसत यायची.

मग एक दिवस पुलाच्या उतारावर सायकल थांबलीच नाही. खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. जावयांचं कोपर खरचटलं. धाकटीचा पाय टेम्पोच्या चाकाखाली गेला. डॉक्टरांनी पायाची बोटं काढली, आणि घोट्याचं म्हणाले, जुळला तर जुळला.

जावयांनी सगळं खापर फोडलं ते आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींवर. ब्रेक नसलेली सायकल बाहेर ठेवलीच कशी, म्हणे. आता आमच्या दुकानाची एक रीत आहे. जिचा ब्रेक बिघडलेला, तिच्या घंटीला चिंधी बांधायची. घंटी मुकी, तर सायकल हलवायची नाही. घरात कुणाला धड लिहितावाचता येत नव्हतं, तेव्हापासूनची ही पाटी. त्या दिवशी मिस्त्री यायच्या आधीच जावयांनी सायकल काढली होती. मिस्त्री हात जोडून सांगत राहिले, आदल्या संध्याकाळी मी स्वतः चिंधी बांधली होती. जावई म्हणाले, नव्हती. धाकटीला विचारलं तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, मिस्त्रींचं वय झालं, बांधायचं राहून गेलं असेल. घरच्या जावयाला खोटं कोण पाडणार?

म्हणून, हिला परवा घेऊन जातो असं ते म्हणाले तेव्हा मी आडवी आले नाही. डॉक्टर नको म्हणत होते. जावई म्हणाले, तिकडे माझे जेवणाचे हाल होतात, स्वयंपाक काय, बसूनही करता येतो. पण घर तिचं, म्हणून जीभ आवरली आणि तिची बॅग भरून आणून खाटेखाली ठेवली.

आज माझी नणंद बघायला आली. नवे कान मिळाल्यावर जावयांना चेव चढला. पहिल्या दिवसापासून सगळं रंगवत रंगवत त्या सकाळपाशी आले.

"आत्या, काय ते हॉर्न, कान फुटायची वेळ. आणि आमच्या सायकलची घंटी बांधून ठेवलेली! मी आधी ती चिंधी सोडून फेकली. ही मागून म्हणते, चिंधी असली की ब्रेक नसतो, दुसरी घ्या. मी म्हटलं, चल बस, या शहरात ब्रेक लावतो कोण?"

नणंद सवयीनं हसली, आणि मध्येच थांबली. धाकटीनं डोळे मिटून घेतले. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं, ते तिनं पुसलंही नाही. जावई अजून हसतच होते. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याच कानापर्यंत पोचलं नव्हतं.

मी खाटेखालची बॅग ओढली, तिचे कपडे एकेक करून खाटेशेजारच्या कपाटात लावले, आणि मग त्यांच्यासमोर उभी राहिले.

"जावईबापू, न कळून चुकलेल्याला मी घरात घेते, जेवायला वाढते. तुम्हाला कळलं होतं. तिनं सांगितलं, तरी तिला मागे बसवलंत. वर त्या म्हाताऱ्याला खोटं पाडलंत, आणि बायकोच्या तोंडाला कुलूप घातलंत. परवा तुम्ही एकटे जायचं, आणि जाण्याआधी मिस्त्रींच्या पाया पडायचं. हिला तुमच्याकडे यायचं की नाही, ते ही ठरवेल. नाही म्हणाली, तर समजूत घालायला मी बसणार नाही."