कानसेनाचे हेडफोन

बाबांनी तिसरे हेडफोन परत केले तेव्हा मला राग आला तो हेडफोन बनवणाऱ्यांचा. पुढच्या पंधरा दिवसांत तो राग बऱ्याच ठिकाणी फिरून आला. त्यातलं एक ठिकाण मी स्वतः होते.

बाबांची तक्रार प्रत्येक वेळी एकच असायची. "ती येत नाही." ती म्हणजे किणकिण. त्यांच्याकडे लग्नाआधीपासूनची एक रेकॉर्ड आहे, बासरी आणि तंतुवाद्यांची, सात मिनिटांची. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि कुणीतरी ट्रायँगलवर, म्हणजे तीन कोनांत वाकवलेल्या पोलादी सळईवर, एकदाच हलका टोला मारतं. मी लहान असताना बाबा मला मांडीवर घेऊन ती रेकॉर्ड लावत आणि बासरी थांबली की बोट वर करून म्हणत, "थांब, आता येईल." ती यायची, आणि पूर्ण विरेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो. पुढे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र मोडलं, मी गाण्याची फाइल करून दिली आणि तेव्हापासून ती हरवली असं बाबांचं म्हणणं. हल्लीची यंत्रं आवाजाचा नुसता चोथा देतात, रस कुणीतरी मधल्यामधे पिऊन टाकतं.

बाबा कापडगिरणीत, विणकाम खात्यात फिटर. चौतीस वर्षं. खात्यात त्यांना कानसेन म्हणतात, कारण दोनशे माग एकदम धडधडत असताना त्यांतला कुठला बिघडायच्या बेतात आहे हे ते आधी सांगतात. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. खात्यातल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना उत्तम म्युझिक प्लेअर आणि हेडफोन द्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. मुलगी पदार्थविज्ञान शिकली आहे, आवाज मोजायची यंत्रं तपासायची नोकरी करते, तिला कोण गंडवणार, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

मी आधी फाइल तपासली. ट्रायँगलच्या टोल्याचा आलेख काढला. साडेचार हजार हर्ट्‌झपासून वर नऊ हजारांपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. फाइल चोख आहे, म्हणजे दोष प्लेअरमध्ये किंवा हेडफोनमध्ये, असं मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. तिसरी शक्यता मी लिहिली नाही. सुचलीच नाही.

दुकानात ऐकण्यासाठी वेगळी खोली होती. भिंतींना जाड करडं कापड, एक खोल खुर्ची, फळीवर प्लेअर-हेडफोनच्या तीन जोड्या, प्रत्येक हेडफोनला वेगळा प्लेअर. विक्रेत्याच्या गळ्यात टाय होता आणि बोलण्यात साखर. तारा जोडताना तो आमच्याकडे पाठ करून बोलत होता. बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी त्याचं वाक्य पुन्हा म्हणायचे. पहिल्या जोडीवर बाबा नुसतं "हं" म्हणाले. दुसरी बरी म्हणाले. तिसरी, सोनेरी कडांची, कानावर चढली आणि त्यांचा चेहरा उजळला. यात जीव आहे, ते म्हणाले. किणकिण आली का, मी विचारलं. आल्यासारखी वाटली.

विक्रेत्याने मान तिरकी केली. शेवटी कानाला कळतंच, असं काहीसं म्हणाला.

मी पिशवीतून ध्वनिमापक काढला. पुठ्ठ्याची एक चकती मी घरूनच कापून नेली होती, मधोमध मापकाच्या टोकाएवढं भोक पाडून. ती हेडफोनच्या गादीवर दाबून धरली की कानाऐवजी मापक ऐकतो. तिन्ही जोड्यांवर बासरीचं तेच अर्धं मिनिट मोजलं. पहिली एकाहत्तर डेसिबल, दुसरी त्र्याहत्तर, सोनेरी सत्त्याहत्तर.

मोठा आवाज माणसाला जास्त चांगला वाटतो. किंचित मोठा असेल तर तो मोठा आहे हे कळतही नाही, नुसता जिवंत वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे. आम्हाला ती पहिल्या सत्रात शिकवली होती, आणि या माणसाला बहुधा कामाच्या पहिल्याच दिवशी. मी त्याला तिन्ही प्लेअरचा आवाज एकसारखा करायला लावला. तो नाराजीने बटणं फिरवत म्हणाला, "मॅडम, गाणं ऐकायचं असतं, मोजायचं नसतं."

"तुम्ही मोजूनच लावलंय की," मी म्हटलं.

आता बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मी जोड्या उलटसुलट क्रमाने दिल्या. पाच वेळा. त्यांना तिन्ही सारख्याच वाटल्या, आणि किणकिण एकीतही नव्हती. विक्रेता तारा गुंडाळत, खाली बघत म्हणाला, "मग साहेबांना कुठलाही चालेल. फरक कळायला कानही लागतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाचा कान अख्खी गिरणी मानते त्याच्याविषयी हा बोलणार, आणि तेही चोरी पकडली गेल्यावर. मी त्याला डेसिबल या विषयावर एक व्याख्यान दिलं, ते बाहेरच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. मग आम्ही बाहेर पडलो. चौकात सिग्नलला उभे असताना बाबांनी माझ्या दंडाला हात लावून विचारलं, तो शेवटी काय म्हणाला, तेव्हा तो खाली बघत होता.

मी म्हटलं, काही नाही.

पण "तेव्हा तो खाली बघत होता" हे वाक्य रात्रभर माझ्या डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी मी प्रयोगशाळेतून मोजून तपासलेले हेडफोन घरी आणले. एक जोडी बाबांना, तसलीच दुसरी मला, दोन्हींत एकच आवाज. बाबांना सांगितलं, सूर ऐकू आला की बोट वर करा. पाचशे हर्ट्‌झ, बोट वर. हजार, वर. दोन हजारांना आवाज दोनदा वाढवावा लागला. तीन हजारांना बोट वर गेलं पण चाचपडत, अंधारात जिना चढावा तसं. चार हजारांना गेलं नाही. मी आवाज वाढवला. सहा हजारांवर गेले आणि आणखी वाढवला. माझ्या कानांत सुई घातल्यासारखं झालं, मी एक कान उघडा केला. बाबांचं बोट गुडघ्यावर होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघून धीर देत म्हणाले, "थांब, आता येईल."

सूर सुरू होऊन अर्धं मिनिट झालं होतं.

मी बंद केलं. लॅपटॉप वळवून त्यांना आलेख दाखवला. बाबांना आलेख कळतात, मागांच्या वेगाचे ते रोज बघतात. ही रेघ तीन हजारांपाशी उतरत होती आणि चार हजारांना दरीत पडत होती.

इतकी वर्षं कसं कळलं नाही याचं उत्तर अगदी सोपं होतं, आणि म्हणूनच मला स्वतःची चीड आली. विणकाम खात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ वाचतात. चाळीस पावलांवरून एकमेकांची थट्टा करतात, तीही आवाज न करता. ही बोली गिरणीतून घरात येते. आई बाबांना हाक मारण्याआधी खांद्याला हात लावते. पाठ करून बाबांशी बोलू नये हे मला कधी कुणी शिकवलं नाही, तसं कुणी बोलतच नसे. पाहुणे फार वेळ बसले की आम्ही तिघं त्यांच्या समोरच, नुसत्या ओठांनी, हे कधी उठणार याची चर्चा करायचो. लहानपणी मला त्याचा केवढा अभिमान होता. जगातल्या ध्वनिमापकांच्या चुका शोधणाऱ्या माझ्या घरातच हे झालं होतं, आणि झाकण म्हणून आम्ही सगळे त्यावर बसलो होतो.

मग बिघडलेला माग कसा ओळखता, मी विचारलं. बाबांनी तळहात टेबलावर ठेवला.

"हाताला कळतं. चौकटीवर हात ठेवला की बास."

"आणि कानसेन?"

"नाव पडलं तेव्हा कानालाच कळायचं, गं." त्यांनी तळहात टेबलावरून उचलला. "मला वाटलं, हल्ली सगळेच पुटपुटतात."

गिरणीत दरवर्षी कानाची तपासणी होते, हे मला तेव्हा आठवलं. बाबांनी कपाटातून कार्ड काढलं. तेहतीस ओळी. प्रत्येक ओळीत "श्रवण: सामान्य", आणि पुढे बाबांची सही. शेवटच्या अठरा ओळी एकाच हस्ताक्षरात होत्या. ही तपासणी करतात कशी, मी विचारलं. बाबा म्हणाले, सिस्टर समोर बसते, ऐकू येतंय का विचारते, मी हो म्हणतो.

"तुमच्याकडे बघून विचारते?"

"मग काय भिंतीकडे बघून विचारेल?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण तोंड झाकलं की बाबांना ती काय बोलते ते कळत नाही.

संध्याकाळी मला एक गोष्ट सुचली. गाणं चौपट सावकाश वाजवलं तर सहा हजारांचा आवाज दीड हजारांवर उतरतो, आणि दीड हजार बाबांना नीट ऐकू येतात. मी शेवटचा तुकडा तसा वाजवला. बासरी म्हशीसारखी रेकली, मग शांतता, मग टोला. जड, लांबलचक. बाबांचं बोट आपोआप वर गेलं.

"ही ती नाही," ते म्हणाले. "ही कुठली तरी घंटा आहे." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. "पण येते कुठे ते कळलं. म्हणजे ती रोज येत होती?"

"रोज येत होती, बाबा."

"आणि मी बिचाऱ्यांचे हेडफोन परत करत होतो."

ते हसले, पण मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात जाऊन पहिली, सगळ्यात साधी जोडी घेतली. त्या प्लेअरमध्ये गाण्याचा वेग कमी करायची सोय होती, सोनेरीमध्ये नव्हती. टायवाला माझ्याकडे बघून आत निघून गेला. त्याच्यावर ओरडायला माझ्यापाशी आता राग उरला नव्हता, तो सगळा दुसरीकडे लागणार होता.

निवृत्तीआधीची शेवटची तपासणी गुरुवारी होती. वर्षाची तपासणीही त्याच दिवशी, म्हणून गिरणीच्या दवाखान्याबाहेर खात्यातल्यांची रांग होती. मला बघून दोघातिघांनी हेडफोनची चौकशी केली. मी बाबांबरोबर आत गेले. कोपऱ्यात श्रवण तपासायचं यंत्र होतं, मी त्याच जातीची महिन्याला चार तपासते. त्याच्यावर कापड घातलेलं होतं आणि कापडावर मनी प्लँटची कुंडी.

सिस्टरने हसून बाबांकडे बघितलं. "काय कानसेन, ऐकू येतंय ना?" बाबांनी दिलेल्या कार्डावर तिचं पेन "सामान्य"च्या "सा"वर पोचलंही होतं.

बाबा काही बोलायच्या आत मी तिला म्हटलं, एकदा टेबलावरची ती फाइल तोंडासमोर धरून विचारा. तिला ते लागलं. अठरा वर्षं विचारते आहे, अठरा वर्षं ते हो म्हणताहेत, मी खोटं लिहिते का, असं ती म्हणाली. आणि खरंच, तिने एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. नियमात होतं विचारा, तिने विचारलं होतं. ओठ वाचून जगणाऱ्या माणसांना ओठ दाखवून विचारलं होतं, ऐकू येतंय का, आणि त्या उत्तरावर अख्खं खातं वर्षानुवर्षं कानात बोळेही न घालता शंभर डेसिबलमध्ये उभं होतं. ओरडायचं कुणावर हेच मला कळेना, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबलं. मी नुसती फाइल तिच्यापुढे सरकवली.

तिने ती तोंडासमोर धरली आणि विचारलं, तुमच्या या नव्या शर्टाचा रंग कुठला आहे. मला स्वच्छ ऐकू आलं.

बाबा माझ्याकडे वळले. "बाई काहीतरी म्हणाल्या," ते मला म्हणाले. "काय, ते कळलं नाही."

सिस्टरने फाइल हळूच खाली घेतली. वय झालं की थोडं होतंच, ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. तिने कार्ड बाबांपुढे केलं. आज सही करा, पुढचं नंतर बघू.

बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते कार्डावर आडवं ठेवलं. "तेहतीस केल्या. ही नाही."

मग ते उठले आणि दारात जाऊन रांगेकडे तोंड करून उभे राहिले. सिस्टरला त्यांची पाठ दिसत होती. मी बाजूला होते, मला ओठ दिसले. गिरणीच्या बोलीत, आवाजाचा टिपूसही न काढता, बाबांनी सगळ्या रांगेला सांगितलं: तिच्या तोंडाकडे बघू नका.

शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. चाळीस पावलांची सवय होती, ही रांग तर वीसच होती.

पहिला नंबर मिशीवाल्या विणकराचा होता. तो आत येऊन स्टुलावर बसला आणि आपल्या चपलांकडे बघत राहिला. सिस्टरने विचारलं, ऐकू येतंय ना. त्याने मान वर केली नाही. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"काय म्हणालात?" चपलांकडे बघतच त्याने विचारलं.

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली, मग दाराबाहेर, जिथे सगळे खाली बघत उभे होते. ती उठली आणि यंत्रावरची कुंडी उचलून खिडकीत ठेवली.