सातव्या मजल्यावरचं पाणी

"नळ बंद करूनच निघाले होते, आंटी. पोटातल्या बाळाची शपथ."

"बाळाला कशाला मध्ये घेतेस? मी कधी म्हटलं तू खोटारडी आहेस?" ग्योक चूनं रोकियाच्या हातातली बादली काढून घेतली. "बस आधी."

जिन्याखालच्या त्या बोळकांडीला दार नव्हतं. चार प्लॅस्टिकची स्टुलं, एक थर्मास आणि वाळत घातलेली फडकी. इमारतीतल्या चौघी सफाईवाल्या रोज सकाळी इथंच आपापल्या नासी लेमकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, पुड्या सोडायच्या. रोकियाची पुडी आज तशीच होती. शेजारी घडी घातलेलं पत्र.

सफाई कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, शुक्रवारपासून येऊ नये. कंट्रोल रूमच्या नोंदीप्रमाणे सलग तीन रविवार सातव्या मजल्यावर दिवसभर पाणी वाहिलं. शनिवारी सातवा मजला पुसून शेवटी निघते ती रोकिया. म्हणजे नळ उघडा टाकणारी तीच. सहावा महिना चालू होता तिला. आता काम गेलं तर बाळंतपणाची रजाही गेली, आणि असं पोट घेऊन पेनांगमध्ये दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

ग्योक चूनं पत्र उलटसुलट करून पाहिलं. शाळेत ती दोन वर्षं गेली होती, तीही धाकट्या भावाला सोडायला. पण ह्या इमारतीत बावीस वर्षं झाडू मारून ती सफाईची मुकादम झाली होती आणि तिच्या बायकांना परस्पर काढायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

"खाऊन घे," ती म्हणाली आणि तळघरातल्या कंट्रोल रूमकडे निघाली.

हझवान स्क्रीनसमोर बसला होता. दोन महिन्यांपूर्वी क्वालालंपूरहून आलेला हुशार इंजिनिअर. इस्त्रीच्या शर्टातला.

"बॉस, तुमच्या यंत्रानं माझ्या पोरीवर आळ घेतलाय म्हणे."

"यंत्र नाही, आंटी. डिजिटल ट्विन. ह्या इमारतीचं जुळं समजा. इथले सगळे पाइप, पंप, खोल्या ह्याच्या आत आहेत. पाणी कुठं वाहतंय ते हे आपोआप दाखवतं."

"जुळं होय? माझ्या पोटी दोन आहेत जुळ्या. नाव चुकलं की एकीच्या खोडीचा मार दुसरीला बसायचा."

हझवान हसला. "इथं तसं होत नाही."

"मग दाखवायला काय जातंय तुझं?"

त्याला नाही म्हणता येईना. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवला. गळ्यातल्या दोरीचा चष्मा तिनं नाकावर चढवला. राखाडी रंगाची काचेसारखी इमारत, तिच्यातला एकच मजला लाल.

"आत जाता येतं?"

"येतं की."

त्यानं माउस सरकवला. दोघं त्या लाल मजल्यात शिरली. लिफ्ट, मग पॅसेज, मग टोकाची मोठी खोली.

"थांब. ही पायरी कसली?"

"पायरी आहे. त्यात काय?"

"रोकियाच्या मजल्यावर पायरी नाही. माझी ढकलगाडी तिथं सरळ आत जाते. ह्या पायरीवर तिचं चाक मोडलंय, दोनदा. आपल्या मालकांना, दातुक ओंगना, कुणीतरी सांगितलं, मालकाची खुर्ची उंचावर हवी, म्हणून त्यांनी ही बांधून घेतली. आणि आत ते दार दिसतंय ना, तो त्यांचा खासगी संडास. हा आठवा मजला आहे, बॉस. आठ लाभतो म्हणून हट्टानं आठवा घेतला त्यांनी."

"पण आंटी, इथं सात लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं लिहिलं. मी पुसलाय."

हझवान पुढं वाकला. मग स्क्रीनला बोट लावून तळापासून मजले मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. बोट चारवर अडलं.

"अरे, आपल्याकडे चौथा कुठंय?" ग्योक चू म्हणाली. "लिफ्टमध्ये तीननंतर पाच. आम्हा चिन्यांच्या बोलीत चार आणि मरण एकसारखेच ऐकू येतात. मरणाचा आकडा कोण लावून घेईल दाराला?"

"नकाशे करणारे परदेशातले होते. त्यांनी ओळीनं मोजले." त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे तीनच्या वरचं सगळं एकानं चुकलंय."

"तरीच परवा पाचव्यावरचा चांगला पंखा उघडून बसला होतास."

सेक्रेटरीबाईकडून किल्ली घेऊन दोघं आठव्यावर गेली. दातुक पाच आठवडे तैपेईला होते, संडासाला कुलूप. दार उघडायच्या आधीच तिला ऐकू आलं. सुस्स् करत एकसारखी धार चालली होती. आठवडाभर ती माणसांच्या वापरात लपायची, रविवारी उघडी पडायची.

हझवाननं फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं, अडकलेला गोळा सोडवला. धार थांबली.

ग्योक चू दातुकांच्या त्या पायरीवर मटकन बसली. सकाळपासून दात आवळून धरले होते, ते आता तिच्या लक्षात आलं. जबडा ठणकत होता.

"कंपनीला फोन लाव," ती म्हणाली. "इथंच, माझ्यासमोर."

त्यानं लावला. चूक आमच्या मोजणीची होती, ते पत्र रद्द करा, असं दोनदा सांगितलं.

"आता खाली चल. तिला तू सांगायचंस."

जिन्याखाली शिरताना हझवानचं डोकं वर आपटलं. कपाळ चोळत तो म्हणाला, "ताई, नळ तुमच्याकडून राहिला नव्हता. पाणी दातुकांच्या संडासातलं होतं. चूक माझी झाली. शुक्रवारी यायचं, नेहमीसारखं."

 रोकियानं ते पत्र मुडपून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं आणि नासी लेमकची पुडी मांडीवर ओढली. "दातुकांचा संडास होय," ती घास घेत म्हणाली आणि तिला हसूच फुटलं. इतकी हसली की ग्योक चूला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

दुपारी हझवाननं ग्योक चूला पुन्हा बोलावलं. "आंटी, सगळे मजले एकदा माझ्याबरोबर बघा. आणखी काय चुकलंय ते सांगा."

तिनं स्वतःच खुर्ची ओढून घेतली. वरून खाली येत येत दोघं तळमजल्यावर पोचली. जिन्याखाली नुसती राखाडी भिंत होती.

"इथं आम्ही बसतो."

"नकाशात ही जागाच नाहीये."

"मग काढ."

त्यानं भिंत पुसली, कोनाडा काढला, त्यात एक स्टूल ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली.

"चार ठेवू? चालेल ना?"

"चौघी आहोत."

एकेक करून चार स्टुलं आली. ग्योक चूनं चष्मा सारखा केला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली.

"ते कडेचं भिंतीला लाव. रोकियाला पाठ टेकायला लागते."

हझवाननं ते स्टूल हळूहळू सरकवत नेलं, भिंतीला टेकेपर्यंत.