मास्तरांची ओळ

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये तिला सगळे नेटवाली म्हणत. चाळीस कॉम्प्युटर, आणि त्यांना बाहेरच्या जगात जायला दार एकच, प्रॉक्सी सर्व्हरचं. डॉक्टरांना रिपोर्ट जायचे तेही तिथूनच. तीन आठवडे झाले, ते दार मनाला येईल तेव्हा बंद होत होतं. कधी चार मिनिटं, कधी नऊ. मग आपोआप सुरू, जसं काही घडलंच नाही.

नेट गेलं की खापर तिच्यावर. काउंटरवरची बाई पेशंटच्या नातेवाइकांची बोलणी खायची आणि ती फोनवरून जशीच्या तशी हिच्या पदरात टाकायची.

हा सगळा पसारा मास्तरांनी उभा केलेला. तेच सात आठवड्यांपूर्वी निवृत्त झाले होते. बारा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा तिला केबलला नीट टोकही बसवता येत नव्हतं. तिला घडवलं मास्तरांनीच. म्हणून अडलं की ती त्यांनाच फोन करायची. ते म्हणाले केबल बघ, तिने टेबलांखाली रांगत एकूण एक केबल बघितली. ते म्हणाले सगळ्या केबल जिथे जोडतात तो स्विच बदल, तिने साहेबांच्या हातापाया पडून नवा स्विच आणवला. शेवटी तिने एक कॉम्प्युटर प्रॉक्सी वगळून थेट लाइनवर लावला. दिवसभरात नेट एकदाही गेलं नाही. म्हणजे दुखणं प्रॉक्सीतच. तिने हे सांगितलं तेव्हा मास्तर हसले होते.

"अगं, मशीन म्हातारं झालंय. म्हाताऱ्यांना जरा समजून घ्यावं लागतं."

साहेबांना समजून घ्यायला वेळ नव्हता. शुक्रवारपर्यंत जमवा, नाहीतर सोमवारपासून मास्तरांना सल्लागार म्हणून बोलावतो, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं.

गुरुवारी दुपारी डबा न उघडताच ती प्रॉक्सीचा लॉग, म्हणजे त्याची आपोआप लिहिली जाणारी नोंदवही, ओळीओळीने वाचायला बसली. बिघडून बंद पडणारं मशीन मागे धडपड ठेवून जातं. इथे धडपड नव्हतीच. प्रॉक्सी दर वेळी शहाण्यासारखा बंद झाला होता, कुणीतरी हुकूम सोडल्यासारखा. हुकूम कुठून येतो ते शोधत ती जुने लॉग साफ करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमपाशी पोचली. प्रोग्रॅम सरळ होता. पण त्याच्या खाली कितीतरी रिकामी जागा सोडून, तळाशी, आणखी एक ओळ होती. मास्तरांचं लॉगिनचं खातं तीस दिवस कुणी वापरलं नाही, तर प्रॉक्सी मधूनमधून काही मिनिटं बंद करायचा.

प्रोग्रॅम लिहिताना कंसाआधी एक जागा मोकळी सोडायची खोड मास्तरांची. तिलाही ती त्यांनीच लावलेली. इथेही ती मोकळी जागा होती. कुंपण शेत खातं म्हणतात. इथे तर कुंपण घालणाऱ्यानेच शेतात गुरं सोडली होती.

तिने ती ओळ काढून टाकली आणि तडक मास्तरांचं घर गाठलं. दार काकूंनी उघडलं.

"बरं झालं बाई आलीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवसभर फोनकडे बघत बसतात."

काकू चहा ठेवायला आत गेल्या तशी ती म्हणाली, "मास्तर, ओळ सापडली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

"काढलीस?"

"काढली. तुम्ही मला टेबलांखाली रांगायला लावलंत. रोज."

"एकतीस वर्षं चाललं म्हणून कुणी एकदा विचारलं नाही, कसं चालतं," ते म्हणाले. "बंद पडायला लागल्यावर साहेबांनी स्वतः फोन केला." मग त्यांनी विचारलं, "सोमवारी मी येऊ नको का?"

चहा यायच्या आत ती उठून निघाली.

शुक्रवारी नेट दिवसभर गेलं नाही. दुरुस्त झालं, असं सांगायला ती साहेबांकडे गेली. काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं आणि तिची जीभ रेटेना. एक जुनी ओळ राहून गेली होती, एवढंच ती म्हणाली.

"म्हणजे नक्की तुम्हालाही माहीत नाही," साहेब म्हणाले. "सोमवारी मास्तर बघतील."

मास्तर सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. सर्व्हरच्या खोलीत अर्धा तास कीबोर्ड बडवत बसले. ती भिंतीला टेकून बघत होती. त्या अर्ध्या तासात त्यांनी केलं काहीच नाही, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर येऊन ते म्हणाले, झालं. काउंटरवरच्या बाईने टाळ्या वाजवल्या, इतरांनीही वाजवल्या. बघा, याला अनुभव म्हणतात, शिकून घ्या, असं साहेबांनी तिला सर्वांदेखत सांगितलं. तिने मान हलवली.

जिन्यात मास्तरांनी तिला गाठलं. "तू बोलली नाहीस. उपकार झाले, पोरी."

"तुमचं खातं मी बंद केलंय," ती म्हणाली. "यापुढे काही बघायचं असलं तर मला विचारून बसायचं."

आठवड्यातले दोन दिवस मास्तर येऊ लागले. खिडकीजवळची तिची खुर्ची त्यांना दिली गेली, तिची सोय झेरॉक्सच्या मशीनशेजारी झाली. बाराएक वर्षं ती त्यांना रोज काही ना काही विचारायची. आता ते समोरून आले की ती स्क्रीनवरून नजर काढत नाही. नेट व्यवस्थित चालू आहे, आणि मास्तरांमुळे चालू आहे, असं लॅबमध्ये सगळे म्हणतात.